वळिवात घसरते, मुसळधारेत धावते
ओल्या रस्त्यावरच्या पकडीची गोष्ट

मे संपत आलेला असतो. निपाणीच्या आभाळात दुपारनंतर ढग जमतात, वारा सुटतो आणि वळिवाचे टपोरे थेंब पडू लागतात. पाच-दहा मिनिटांचा खेळ. रस्ता नीट भिजलेलाही नसतो, मातीचा वास मात्र दरवळत असतो. नेमक्या त्याच वेळी तवंदी घाटात, चिक्कोडी रस्त्याच्या वळणावर किंवा बेळगावच्या एखाद्या चौकात कोणाची तरी मोटारसायकल आडवी होते. 'काही कळलंच नाही, चाक सटकलं,' एवढेच तो सांगू शकतो. हाच माणूस जुलैच्या झडीत रोज निपाणी-संकेश्वर ये-जा करतो आणि तेव्हा त्याची गाडी घसरत नाही.

आता दुसरे दृश्य पाहा. २४ जुलै २००५, इंग्लंडमधले डॉनिंग्टन पार्क. मोटोजीपीच्या मोटारसायकल शर्यतीत पाऊस असा कोसळत होता की पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेल्या तुषारांत मागचा स्वार दिसेनासा होई. एकामागून एक स्वार घसरून पडले. त्याच पाण्यातून इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी पहिला आला आणि अंतिम रेषा ओलांडताना त्याने हवेत व्हायोलिन वाजवल्याचा अभिनय केला.

थोड्या पावसात साध्या वेगाने जाणारा पडतो आणि मुसळधार पावसात शर्यतीच्या वेगाने जाणारा उभा राहतो. हे कोडे सोडवायचे तर रस्ता आणि रबर जिथे एकमेकांना भेटतात तिथे खाली वाकून पाहायला हवे.

तळहाताएवढ्या जागेवरचा भरवसा

मोटारसायकलचे एक चाक रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकते. दोन चाकांचे दोन तळहात. गाडी, चालक, मागे बसलेले माणूस आणि हँडलला अडकवलेली बाजाराची पिशवी, सगळ्यांचा भार आणि भरवसा या दोन तळहातांवर असतो.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. डांबरी रस्ता दिसायला सपाट असला तरी बारीक खडीमुळे खरखरीत असतो. मऊ रबर त्या खडीच्या उंचवट्यांवर दबते आणि त्यांच्यात अडकते. मळलेले पीठ खडबडीत पाट्यावर दाबले तर ते जसे पाट्याच्या टाक्यांत शिरून बसते, तशी ही पकड असते. दुसरी पकड चिकटण्याची. रबर आणि खडी अगदी जवळ आली की ती एकमेकांना किंचित चिकटतात.

पाणी आले की चिकटण्याची पकड बरीचशी जाते, कारण मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो. खडीत अडकण्याची पकड मात्र पुष्कळशी शिल्लक राहते. ओल्या रस्त्यावर आपण रोज गाडी चालवू शकतो ते याच अडकण्याच्या पकडीच्या बळावर. म्हणूनच वाहनांनी घासून घासून खडी गुळगुळीत झालेला जुना रस्ता पावसात घात करतो. तिथे रबराला शिरायला खाचच उरलेली नसते.

पहिला पाऊस जास्त निसरडा का?

उन्हाळ्याचे चार महिने रस्त्यावर काय काय साठते ते आठवून पाहा. ट्रकच्या इंजिनातून ठिबकलेले ऑइल, सांडलेले डिझेल, टायर झिजून पडलेली रबराची पूड, उसाच्या ट्रॉलीतून पडून चिरडलेले पाचट, शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती, वर बैलांचे आणि म्हशींचे शेण. कोरड्या दिवसांत हे सगळे खडीच्या खाचांत दबून बसते आणि फारसे जाणवत नाही.

वळिवाचे पहिले थेंब पडले की या सगळ्याचा राबडीसारखा लगदा होतो. पाणी एवढे कमी असते की तो वाहून जात नाही, आणि एवढे पुरेसे असते की तो सैल होतो. खडीच्या खाचा या लगद्याने लिंपल्या जातात, त्यामुळे पावसात शिल्लक राहणारी अडकण्याची पकडही आता कमी होते. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर पाय घसरतो, तसेच हे. पुढे तासभर चांगला पाऊस झाला की लगदा धुऊन जातो, खडी उघडी पडते आणि पकड बऱ्याच अंशी परत येते. थोडक्यात, जुलैचा रस्ता ओला असला तरी धुतलेला असतो. मेचा रस्ता ओला आणि मळलेला असतो. कोड्याचा पहिला अर्धा भाग इथे सुटतो.

शर्यतीच्या ट्रॅकवरही असेच घडते. कोरड्या दिवसांत सगळे स्वार एकाच सोयीच्या वाटेने जातात, तिथे टायरचे रबर घासून बसते आणि कोरडे असताना ते छान धरते. भिजल्यावर तीच घोटीव वाट निसरडी होऊ शकते. मग जाणकार स्वार नेहमीची वाट सोडून शेजारच्या खरखरीत डांबराचा अंदाज घेतात. ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या पट्ट्यांना तर ते शक्यतो चाक लावतच नाहीत. आपल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे, झेब्रा क्रॉसिंग, गटारावरची लोखंडी जाळी आणि पुलाच्या सांध्यावरची पोलादी पट्टी ही सगळी त्याच जातीची आहेत. खडी झाकलेली, खाच नसलेली, ओली झाली की साबणासारखी.

दर सेकंदाला दोन तांबे पाणी

आता मुसळधार पावसाकडे वळू. रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी साचले आहे आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटर वेगाने चालला आहात असे समजा. चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग पाच सेंटिमीटर रुंद धरला, तर त्या चाकाला दर सेकंदाला सुमारे पावणेदोन लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे जवळजवळ दोन मोठे तांबे. आणि वेळ किती मिळतो? टेकणारा भाग दहा सेंटिमीटर लांब असेल तर तो एका जागेवरून सेकंदाच्या साधारण १६६व्या भागात पुढे सरकतो. एवढ्या क्षणात पाणी बाजूला झाले तर रबर खडीला भेटते. नाही झाले तर चाक पाण्याच्या थरावर चढते. नदीच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकला की तो टप्पे खात जातो, तसे चाक पाण्यावर तरंगत जाते. या स्थितीत ब्रेक दाबून उपयोग नाही आणि हँडल वळवूनही नाही, कारण धरायला रस्ताच हाताशी नसतो.

पावसाने भिजलेल्या धावपट्टीवर विमाने का घसरतात याचा अभ्यास अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६०च्या दशकात केला. त्यातून एक सोपा नियम मिळाला. टायरमध्ये हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगाला चाक तरंगू लागते. त्या सूत्राने पाहिले तर पाणी पुरेसे खोल असताना ३० पौंड हवा असलेले टायर ताशी सुमारे ९० किलोमीटरला तरंगू लागते, तर १६ पौंडांवर ताशी ६७ किलोमीटरलाच ही वेळ येते.

हा हिशेब विमानाच्या किंवा मोटारीच्या चपट्या टायरचा. दुचाकीचे टायर गोलसर असते आणि होडीचे टोक पाणी कापते तसे ते पाणी दोन्ही अंगांना कापत जाते. त्यामुळे मोटारसायकल सहजासहजी तरंगत नाही. निसर्गाने दिलेल्या सवलतीसारखीच ही गोष्ट आहे. पण महामार्गावर सरळ धावून धावून टायर मधोमध झिजते आणि चपटे होते. तसे झाले की होडीची फळी होते आणि सवलत संपते.

शर्यतीचे टायर: नक्षी आणि मऊपणा

कोरड्या शर्यतीत मोटारसायकलला नक्षीच नसलेले गुळगुळीत टायर लावतात. त्यामुळे जास्तीत जास्त रबर रस्त्याला भिडते. पाऊस आला की हेच टायर निरुपयोगी ठरते, कारण पाण्याला निघून जायला वाटच नसते. म्हणून पावसाळी टायर वेगळे असते आणि त्यात दोन गोष्टी खास असतात.

पहिली गोष्ट खोल नक्षी. टायरवरच्या खाचा म्हणजे शेतातले पाट. रबराखाली दाबले गेलेले पाणी त्या पाटांत शिरते आणि मागे-बाजूला फेकले जाते. खाचांमधले रबराचे ठोकळे मग खडीवर टेकतात. फॉर्म्युला वनच्या मोटारीचे मुसळधार पावसासाठीचे टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाहेर टाकते. पाच-सहा घागरी, एका सेकंदात, एका चाकाखालून.

दुसरी गोष्ट मऊपणा. रबर गार झाले की कडक होते आणि पाऊस टायरला सतत गार करत असतो. म्हणून पावसाळी टायरचे रबर मुळातच इतके मऊ घेतात की ते गारठ्यातही खडीच्या खाचांत शिरावे. याचा तोटा पाऊस थांबल्यावर दिसतो. ट्रॅक सुकू लागला की हे मऊ टायर तापते आणि भराभर झिजते. तेव्हा स्वार मुद्दाम ओल्या भागातून जाऊन टायर थंड करताना दिसतात.

मधेच पाऊस आला तर काय करायचे यासाठी मोटोजीपीत २००५पासून एक व्यवस्था आहे. पांढरा झेंडा दाखवला की स्वार आत येऊन दुसऱ्या टायरांची तयार ठेवलेली गाडी घेऊ शकतो. आपल्याकडे दोन गाड्या नसतात. बाराही महिने एकच टायर वापरायचे असते, म्हणून त्याच्या नक्षीची किंमत आपल्याला जास्त. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात आणि टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय या अक्षरांनी त्यांची जागा दाखवलेली असते. वरचे रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायरचे आयुष्य संपले. ही तपासणी मृगाच्या आधी करायची.

एक भाकरी, तीन वाटे

टायर चांगले असले तरी ओल्या रस्त्यावरची पकड कोरड्यापेक्षा कमीच असते. मग रॉसीसारखे स्वार ती पुरवतात कशी? याचे उत्तर भाकरीच्या वाटणीत आहे.

चाकाजवळची पकड म्हणजे एक भाकरी समजा. तिच्यातूनच ब्रेकला वाटा द्यायचा, वळण्याला वाटा द्यायचा आणि गाडी पळवण्यालाही. वळणात गाडी कललेली असताना बरीचशी भाकरी वळणानेच खाल्लेली असते. तिथे जोरात ब्रेक दाबला तर त्याच्या वाट्याला काही उरत नाही आणि चाक सुटते. कोरड्या रस्त्यावर भाकरी मोठी असल्याने थोडी चूक खपते. ओल्या रस्त्यावर भाकरी लहान होते, म्हणून वाटणी चोख करावी लागते.

आकड्यांत पाहू. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक सुमारे ०.८ आणि ओल्यावर सुमारे ०.५ धरला, तर ताशी ६० किलोमीटरवरून गाडी थांबायला कोरड्यात अंदाजे १८ मीटर आणि ओल्यात २८ मीटर लागतात. समोरचे पाहून हात-पाय ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी १७ मीटर. ताशी ४० किलोमीटरवर मात्र ओल्या रस्त्यावरही ब्रेक लागल्यापासून १३ मीटरमध्ये गाडी थांबते. वेग एक तृतीयांश कमी केला आणि थांबण्याचे अंतर निम्म्याहून कमी झाले.

वळणाचेही तसेच. घाटातले पन्नास मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ४० किलोमीटरला त्यात गाडी साधारण १४ अंश कलते, ६० किलोमीटरला जवळजवळ ३० अंश. वरच्या गुणांकांनी कोरडा रस्ता ३८ अंशांपर्यंत साथ देतो, ओला फक्त २६ अंशांपर्यंत. म्हणजे काल ज्या वळणावरून ६०ने सहज गेलात, तेच वळण आज त्याच वेगाला तुम्हाला खाली पाडेल. वळण तेच, वेग तोच, चालकही तोच. भाकरी तेवढी लहान झाली.

शर्यतीचे स्वार कोरड्या ट्रॅकवर ६० अंशांच्याही पुढे कलतात, कारण त्यांचे तापलेले मऊ टायर आणि खास खरखरीत ट्रॅक यांची पकड आपल्या रस्त्याच्या कितीतरी पुढची असते. पावसात तेही कल कमी करतात. त्यासाठी स्वार स्वतःचे अंग वळणाच्या आतल्या बाजूला जास्त झुकवतो. तोल साधायला शरीर आत गेले की गाडी तेवढीच उभी राहते आणि टायरची जास्त भरवशाची बाजू रस्त्याला टेकते. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच लावून घेतात. शॉकअप मऊ करतात, म्हणजे भार पुढच्या चाकावर धक्क्याने न येता हळूहळू येतो. गिअर वरचा ठेवतात, म्हणजे मागच्या चाकाला एकदम ओढ बसत नाही. ॲक्सिलरेटर पिळताना हात असा चालतो, जणू काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर आहे. पावसातल्या शर्यतीचे सगळे कौशल्य या एका शब्दात मावते: सावकाश. वेगाने जाताना प्रत्येक हालचाल सावकाश.

आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचे झाले आहे. ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरण्याच्या बेतात आले की ही यंत्रणा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते. तिचा उपयोग मोठा आहे. पण ती भाकरी मोठी करत नाही, असलेली भाकरी सांडू देत नाही एवढेच.

काळी माती, तांबडी माती

आपल्या सीमाभागाचे एक वैशिष्ट्य इथे सांगायलाच हवे. निपाणी-चिक्कोडीकडची माती काळी, तर बेळगावच्या पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभ्याची तांबडी माती. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक आणि पाणी पिऊन फुगणारे असतात. भिजली की ती लोण्यासारखी होते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. खाचा भरल्या की नक्षीचे टायरही गुळगुळीत टायरसारखे वागते. तांबड्या मातीत खडे असतात. ती काळीइतकी चिकटत नाही, पण चोर्ला घाटाच्या वाटेवर पावसाने कडेची माती रस्त्यावर आणली की तिच्यातले खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात.

चिखलात शर्यती कशा होतात हे पाहायचे तर नवी मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या मान्सून स्कूटर रॅलीचे उदाहरण जवळचे आहे. भर पावसात, चिखलाच्या वाटांवर स्कूटर पळवण्याची ही स्पर्धा. डांबरावर रबर खडीला धरते, चिखलात धरायला काहीच नसते. तिथे टायरने मातीत रुतून, मातीला मागे ढकलून पुढे जायचे असते. त्यासाठी ठोकळे दूर दूर असलेले टायर लागतात, ज्यांना आपण बटण टायर म्हणतो. ठोकळ्यांमधले अंतर जास्त असल्याने फिरत्या चाकातून चिखल झटकला जातो. मात्र हेच बटण टायर ओल्या डांबरावर कमी धरते, कारण रस्त्याला टेकणारे रबर थोडे असते. प्रत्येक टायर कोणत्या तरी एका जागेसाठी बनलेले असते.

झेंडा लाल झाला की थांबायचे

पावसातल्या शर्यतीबद्दल आपल्याला वेग आठवतो. मला त्यातली थांबण्याची शिस्त जास्त मोलाची वाटते. पावसाचे थेंब पडू लागले की लाल फुली असलेला पांढरा झेंडा. ट्रॅक निसरडा झाला की पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा. ओल्या शर्यतीत प्रत्येक गाडीच्या मागे लाल दिवा लावावा लागतो, म्हणजे तुषारांतून मागच्याला ती दिसते. आणि पाणी हाताबाहेर गेले की लाल झेंडा, सगळे थांबा.

२६ ऑगस्ट २०१८ रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मोटोजीपीत हेच झाले. नव्याने डांबरीकरण केलेल्या त्या ट्रॅकवरून पाण्याचा निचरा होत नव्हता. आदल्या दिवशीच्या सरावात एकाच वळणावर अनेक स्वारांची चाके तरंगली आणि टिटो राबाट या स्वाराचा पाय मोडला. शर्यतीच्या दिवशी लाखमोलाचे स्वार, यंत्रे आणि प्रेक्षक तासन्‌तास थांबले आणि अखेर एकही शर्यत झाली नाही. १९८०नंतर पहिल्यांदाच संपूर्ण ग्रांप्री रद्द करावी लागली होती. भारतात सप्टेंबर २०२३मध्ये बुद्ध सर्किटवर पहिली मोटोजीपी झाली, तेव्हाही शनिवारची स्प्रिंट शर्यत पावसामुळे उशिरा आणि कमी फेऱ्यांची झाली. जगातले सर्वांत कुशल स्वार होते, तरीही पाण्याशी हुज्जत घातली गेली नाही.

आपल्यालाही हा झेंडा दिसतो, फक्त तो कापडाचा नसतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक बंद करावी लागली. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात चाकाखाली काय आहे ते दिसत नाही, पाणी गाडीला बाजूला ढकलते आणि थोडेफार उचलतेही. त्यामुळे भार कमी होतो आणि पकड आणखी घटते. तिथे टायर, एबीएस, अनुभव यांपैकी काहीच कामी येत नाही.

चौकट: पावसाळ्याआधी आणि पावसात

• टायरची नक्षी टीडब्ल्यूआयच्या उंचवट्यांपर्यंत झिजली असेल, किंवा टायर मधोमध चपटे झाले असेल, तर मृगाआधी बदला.
• हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. कमी हवेचे टायर पावसात जास्त धरते हा गैरसमज आहे.
• वळिवाच्या पहिल्या अर्ध्या तासात शक्य असेल तर थांबा. रस्ता धुऊन निघू द्या.
• ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून हळूहळू दाबा.
• पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि पुलाचे सांधे सरळ चाकाने, ब्रेक न लावता ओलांडा.
• शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडतात त्या जागा लक्षात ठेवा. तिथे काळी माती असणारच.
• ओल्या घाटात वेग एक तृतीयांश कमी करा. थांबण्याचे अंतर निम्म्यावर येते.
• वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

पावसातल्या शर्यतीत स्वार पहिल्या फेरीला सहसा सगळी ताकद लावत नाही. आधी तो ट्रॅक कुठे धरतो आणि कुठे सोडतो ते चाकांना विचारून घेतो. आपल्या रोजच्या रस्त्यावर पहिला पाऊस ही तीच पहिली फेरी आहे. यंदा वळीव सुरू झाला की निपाणीच्या चौकात, संकेश्वरच्या फाट्यावर किंवा बेळगावच्या एखाद्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबा. चहा प्या, रस्ता धुऊन निघू द्या, मग निघा. घरी वाट पाहणाऱ्यांना तुम्ही अर्धा तास उशिरा आलात याचे काही वाटणार नाही.